आवडाबाईंची मोहर रिजेक्ट होते

"पितळेची आहे ती," शेवंतीवहिनी म्हणाल्या, आणि बाळकुमच्या त्या ओसरीवर बसलेल्या सगळ्या बायकांच्या हातातल्या पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या.

वहिनी खरं तर हळू बोलल्या होत्या. पण त्यांचं हळू बोलणं म्हणजे खाडीपलीकडे ऐकू गेलं नाही, इतकंच. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न महिन्यावर आलं होतं आणि कोण काय देणार याच्या बोलण्यासाठी सगळे जमले होते. त्यात त्यांच्या सासूबाईंनी, आवडाबाईंनी, देव्हाऱ्यातली मोहर पदरात धरून आणली आणि ती नातीला आपण मांडवात सगळ्यांदेखत देणार असं सांगितलं. विलायती गिनी होती ती, एका बाजूला राणीचं तोंड असलेली. घरात मात्र तिला कोणी राणी म्हणत नसे. ती देवी होती. दर मंगळवारी शुक्रवारी तिला हळदकुंकू व्हायचं, नवरात्रात नऊ दिवस दिवा लागायचा, आणि आपल्याला बाळकुममध्ये एवढा मान आहे हे त्या बिचाऱ्या राणीला कधीच कळलं नसेल.

"माज्या आयसनं दिलेली हाय," आवडाबाई म्हणाल्या. "मिठागरान राबून घेतलेली. सोना हाय तो."

"असेल हो आई. पण उद्या पोरीच्या सासरच्यांनी सोनाराला दाखवली, आणि तो हसला, तर माझ्या पोरीनं जन्मभर टोमणे खायचे का?" वहिनींचं म्हणणं अगदीच चूक होतं असं नाही. "सोनं असं दिसतं का? राणीचं नाक तरी दिसतंय का त्यात?"

नाक दिसत नव्हतं. आवडाबाईंनी मोहर मुठीत मिटली. "खोटी निघाली तं मी मांडवान येनार नाय," असं म्हणून त्या आत गेल्या. आवडाबाई बोललेलं फिरवत नाहीत, हे सगळ्या बाळकुमला माहीत होतं. आता लग्नात आजीची खुर्ची रिकामी राहणार आणि त्याचं कारण सगळे एकमेकांना विचारणार, हे ओसरीवरच्या प्रत्येकाला दिसायला लागलं.

नेमक्या अशा वेळी आवडाबाईंचा जावई प्रभाकर मढवी यानं चहाचा कप खाली ठेवला आणि घसा साफ केला. प्रभाकर वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत तपासणी खात्यात इन्स्पेक्टर होता. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायची आणि महिनाअखेरीला त्याचा पगार घ्यायचा, असं त्या नोकरीचं स्वरूप होतं. त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूवर निकाल देण्याचा आपल्याला अधिकार आहे असं त्याला मनापासून वाटे.

"मी तपासतो," प्रभाकर म्हणाला. "माझं कामच आहे ते."

त्याच्या बायकोनं, सुमतीनं, त्याच्याकडे पाहिलं. मागच्या वर्षी त्यानं घरचा मिक्सर दुरुस्त करायला घेतला, तेव्हाही तिनं असंच पाहिलं होतं. त्या मिक्सरचा एक तुकडा अजून कपाटात होता.

आवडाबाईंनी आतून मोहर आणून जावयाच्या हातात दिली, पण अटी घालून. सोनाराच्या दगडावर घासायची नाय, आगीवर धरायची नाय, कानस लावायची नाय. "देव हाय तो. चरा पडला तं त्याचा पाप तुमाला लागंल, जावयबापू." म्हणजे सोनं ओळखायच्या जेवढ्या म्हणून रीती माणसानं आजवर शोधल्या, तेवढ्या सगळ्या वगळून प्रभाकरनं सोनं ओळखायचं होतं.

डोंबिवलीला मानपाडा रोडवर मढवींच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याला त्र्यंबकराव केतकर राहत. बँकेतून निवृत्त झालेले, आणि जुनी नाणी जमवण्याचा नाद असलेले. त्यांच्याकडे नाण्यांचे अल्बम होते, जाड भिंग होतं, आणि सगळ्या जगाच्या नाण्यांची मापं दिलेलं एक पुस्तक होतं. त्यांनी मोहर भिंगाखाली धरली आणि बराच वेळ नुसते हुंकार दिले.

"झीज फार आहे," त्र्यंबकराव शेवटी म्हणाले. "चेहरा पार पुसट झालाय. अशा स्थितीत नजरेनं काही सांगणं धाडसाचं ठरेल. पण सोनं बोलतं, मढवी. फरशीवर टाकलं की खणखणीत आवाज देतं. पितळेला तो आवाज जन्मात येत नाही."

"चरा पडेल हो."

"हातभर उंचीवरून काय चरा पडणार? फूल टाकल्यासारखं टाका."

प्रभाकरनं मनातल्या मनात देवीची माफी मागितली आणि मोहर फुलासारखी टाकली. आवाज आला तो थप्प असा, ओल्या चपलेसारखा. त्र्यंबकरावांचा चेहरा पडला. पण निकाल द्यायला त्यांना सवड मिळाली नाही, कारण मोहर कडेवर उभी राहिली, जराशी डुलली आणि सरळ घरंगळत जाऊन लोखंडी कपाटाखाली दिसेनाशी झाली.

पुढचा तासभर बिल्डिंगच्या इतिहासात नोंदवण्यासारखा गेला. झाडू घातला, तर मोहर आणखी आत गेली. मग कपाट सरकवायचं ठरलं, म्हणून वरच्या मजल्यांवरून माणसं बोलावली गेली, आणि माणसं आली की सल्ले येणारच. एकानं मोहर दुधात टाकून बघायला सांगितलं. दूध नासलं तर खोटी. दुसरा म्हणाला, दातानं चावायची. तिसरा सरकारी खात्यातला होता. त्यानं प्रभाकरला बाजूला घेऊन सांगितलं की हे सोनं निघालं तर सुवर्ण नियंत्रण कायदा आहे, जुनं निघालं तर पुरातत्त्व खातं आहे, तेव्हा खोटं निघण्यातच तुमचं भलं आहे. केतकरकाकू तेवढ्या काही बोलल्या नाहीत. त्या आपल्या साड्या कपाटातून काढून पलंगावर रचत होत्या, आणि त्यांचं न बोलणंच सगळ्यांना जड जात होतं.

कपाट सरकलं, त्याचा एक पाय निखळला, आणि खाली मोहर सापडली. शेजारीच चांदीचा एक जुना रुपया पडलेला सापडला. तो त्र्यंबकरावांनी मोहरेच्या आधी उचलला. तो रुपया आपल्या मेहुण्यानं लांबवला अशी त्यांची पक्की खात्री होती, आणि त्यापायी दोन्ही घरांत येणंजाणं बंद होतं. "आता लिहा माझ्या भावाला पत्र," काकू म्हणाल्या. त्या संध्याकाळी मोहरेबद्दल त्र्यंबकरावांशी पुढे बोलणं शक्यच नव्हतं. त्यांनी नुसतं मापांचं पुस्तक प्रभाकरच्या हातात दिलं आणि दार लावून घेतलं.

पुस्तकात गिनीचा व्यास होता, जाडी होती, वजन होतं. प्रभाकरचा जीव भांड्यात पडला. माप दिलं की त्याला जगात कशाचीच भीती वाटत नसे. त्याच्या खात्यात मायक्रोमीटर होता, केसाचीसुद्धा जाडी सांगणारा, आणि तो हलकेच लावला तर चरा पडत नव्हता. प्रयोगशाळेत वजनाचा नाजूक काटा होता. या आकाराची पितळेची चकती कधीच एवढी जड भरणार नाही, आणि गिनीएवढीच मापं व गिनीएवढंच वजन जिला आहे ती सोन्याचीच असणार. दुसऱ्या दिवशी तो मोहर रुमालात बांधून कंपनीत घेऊन गेला. जेवणाच्या सुट्टीत खातं रिकामं झालं तेव्हा त्यानं ती मोजली.

व्यास जास्त भरला. जाडी तर चांगलीच जास्त. काट्यावर ठेवली, वजनही जास्त. तिन्हीपैकी एकही माप बसेना.

एखाद्या दुसऱ्या माणसानं इथं जरा विचार केला असता. पण प्रभाकर इतकी वर्षं एकाच धर्मानं जगत आला होता: माप हद्दीत असेल तर पास, हद्दीबाहेर असेल तर रिजेक्ट, आणि विचार करायचा असेल त्यानं डिझाइन खात्यात जावं. त्यानं पुन्हा मोजली. रिजेक्ट. त्याला सासूबाईंची मूठ आठवली, मोहर मिटून घेणारी. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी वस्तू नापास झाल्याचं त्याला वाईट वाटत होतं.

संध्याकाळी गेटवर राघोनं त्याला अडवलं. राघो गेटवरचा रखवालदार. रोज सलाम करायचा, आणि रोज झडतीही घ्यायचा. साहेबाची झडती घेण्यात त्याला विशेष समाधान असे.

"रुमालात काय, साहेब?"

"माझं आहे. घरचं."

"आत आणताना एंट्री केली?"

"नाही."

"मग आत आणलेलीच नाही," राघो शांतपणे म्हणाला. "म्हणजे आधीपासून आत होती. आतली वस्तू कंपनीची. गेटपास दाखवा."

प्रभाकर पुष्कळ बोलला. आपलं पद सांगितलं, सासूबाई सांगितल्या, देव्हारा सांगितला. राघोनं सगळं आदरानं ऐकून घेतलं आणि मोहर गेटवरच्या कपाटात, पकडलेल्या नटबोल्टांशेजारी, कुलुपात ठेवली. घरी हे ऐकून सुमतीनं पोळ्या लाटायच्या थांबवल्या. "माझ्या आईचा देव वॉचमनच्या कपाटात?" एवढंच ती म्हणाली. सकाळी तिनं डब्याबरोबर एका पुडीत कुंकू आणि जास्वंदीचं फूल दिलं. प्रभाकर ते घेऊन गेटवर गेला, तर राघोनं कपाटापुढे आधीच उदबत्ती लावलेली होती. "देव आहे म्हणालात ना साहेब," तो म्हणाला. "पूजा करू. पास मात्र लागेल."

पास स्टोअरमधून मिळतो. स्टोअरवाल्यानं 'पिवळ्या धातूची चकती, नग एक' असं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं, कारण अशी चकती त्याच्या साठ्यात कुठेच नव्हती. जी वस्तू आत नाही ती तो बाहेर कशी सोडणार? तो म्हणाला, अबकारीच्या बाबूंना विचारा. अबकारीचे बाबू म्हणाले, तयार माल असेल तर कर भरा, कच्चा माल असेल तर बाहेर का चाललाय ते लेखी द्या. लग्न जवळ येत होतं, आणि मोहर गेटवर उदबत्त्या खात बसली होती. शेवटी स्टोअरवाल्यालाच दया आली.

"एक वाट आहे. रिजेक्ट झालेला माल नुसत्या लाल चिठ्ठीवर बाहेर जातो. कर नाही, काही नाही. फक्त चिठ्ठीवर तपासणी इन्स्पेक्टरची सही लागते." आणि त्यानं चिठ्ठी प्रभाकरपुढे सरकवली.

सासूबाईंची मोहर खरी ठरवायला निघालेल्या जावयानं स्वतःच्या सहीनं ती नापास केली. लाल चिठ्ठी दोऱ्यानं बांधायची असते. मोहरेला भोक नव्हतं, म्हणून दोरा तिच्याभोवती आडवा उभा गुंडाळावा लागला. मायक्रोमीटर घरी न्यायचा पास मात्र त्याला लगेच मिळाला, कारण मायक्रोमीटरची आत नोंद होती. तो त्यानं मुद्दाम बरोबर घेतला. निकाल वाईटच द्यायचा आहे, तर निदान पुराव्यानिशी द्यावा, एवढाच त्यातला विचार होता.

हळदीच्या दिवशी दुपारीच तो बाळकुमला पोचला. बरोबर त्र्यंबकरावही होते. मेहुण्याला पत्र टाकून ते मोकळे झाले होते, आणि मोहरेचा शेवट बघितल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. मांडवात ढोलकी वाजत होती, बायका हळदीची गाणी म्हणत होत्या, अंगणात चुलींवर मटण शिजत होतं. त्र्यंबकराव तिकडे पाठ करून तांदळाची भाकरी आणि गूळ खात बसले. आवडाबाई मांडवात नव्हत्या. त्या आतल्या खोलीत, रिकाम्या देव्हाऱ्यासमोर, भिंतीला टेकून बसल्या होत्या.

प्रभाकर समोर बसला आणि त्यानं मोहर काढली.

"लाल चिठ्ठी बांदली?" आवडाबाईंचा चेहरा जरा उजळला. "बरा केला. नजर नाय लागायची."

शेवंतीवहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या मागे सुमती.

"जावयबापू, आता सांगा," आवडाबाई म्हणाल्या. "तुमी सांगाल तो मना मान्य. माजी आय खोटा बोलली आसंल तं बोलली. पन तुमी खोटा नाय बोलायचा."

एवढा विश्वास प्रभाकरवर आजवर कंपनीनंही टाकला नव्हता. त्यानं मायक्रोमीटरची डबी उघडली, आणि नेहमीच्या सवयीनं, मोजण्याआधी, त्याची दोन्ही तोंडं बोटानं पुसली. मोहर मोजल्यापासून तो डबीतच होता. बोट पिवळं झालं.

त्यानं बोटाकडे पाहिलं. वास घेतला. कंपनीतल्या कुठल्याही तेलाला, कुठल्याही ग्रीसला असा वास नव्हता. हा वास घरभर सुटला होता, अंगणात पाट्यावर वाटल्या जाणाऱ्या हळदीचा. प्रभाकर रोज कामगारांवर एकाच गोष्टीसाठी ओरडत असे: जॉब आधी धुवा, मग मोजायला आणा, घाण लागलेला जॉब इथं आणला तर फेकून देईन. आणि इतकी वर्षं तेलाहळदीत मुरलेली मोहर त्यानं तशीच मोजली होती! देव मळलेला असू शकतो हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. झिजलेलं नाणं जाड कसं भरेल, हेसुद्धा त्याला सुचलं नाही. राणी झिजलीच नव्हती. ती हळदीखाली होती, म्हणूनच तिला आवाज फुटला नव्हता.

"चिंच आणा," प्रभाकर म्हणाला. "आणि गरम पाणी. मोहर धुवायची आहे."

आवडाबाई ताठ बसल्या.

"देवीचा कुकू पुसायचा? सवाष्ण हाय ती. तिचा कुकू कोन पुसतंय?" त्यांच्या आईनं पुसलं नव्हतं, त्यांनी पुसलं नव्हतं. त्या घरात देवीवर हळदकुंकू फक्त वाहायचं असतं, उतरवायचं नसतं. म्हणूनच राणी दर मंगळवारी शुक्रवारी जाड होत आली होती. आता चरा नको, आग नको, आणि पाणीही नको.

प्रभाकर वाद घालणार होता, पण सुमतीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ती आईजवळ जाऊन बसली. "आई, आज पोरीला हळद लावतोय. उद्या सकाळी काय करणार तिचं?"

"काय म्हंजे? आंगोल घालनार. हलद लागली का नवरीला आंगोल घालतान."

"मग हळद उतरवली म्हणून ती कोणी अशुभ होते का?"

बाहेर गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. मग आवडाबाईंनी मोहर हातात घेतली, तिच्यावरचा दोरा सोडला आणि म्हणाल्या, "इतकी वर्सं हलद लावली, पन आंगोल घालायचा राहूनच गेला बग तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरीला पाटावर बसवलं तेव्हा तिच्याशेजारी एका ताम्हनात मोहर ठेवली होती. दोघींना एकाच हंड्यातलं ऊन पाणी घातलं. आवडाबाईंनी स्वतः चिंच चोळली. ताम्हनातलं पाणी आधी पिवळं झालं, मग लाल, मग पुन्हा पिवळं. आणि मग आवडाबाईंच्या अंगठ्याखालून राणीचं नाक बाहेर आलं. पाठोपाठ हनुवटी आली, केसांचा अंबाडा आला, कडेची बारीक अक्षरं आली. लख्ख पिवळी, काल टाकसाळीतून निघाल्यासारखी मोहर त्यांच्या तळहातावर होती. बायका पुढे सरकल्या.

प्रभाकरनं मोहर पुसली, मायक्रोमीटर पुसला, आणि मोजली. व्यास बसला, जाडी बसली. शेवंतीवहिनींनी स्वतःच शेजारच्या सोनाराचा तराजू मागवला. तराजूनं चरा पडत नाही, म्हणून आवडाबाईंची हरकत नव्हती. वजनही पुस्तकातल्या आकड्यावर येऊन थांबलं. त्र्यंबकरावांनी भिंग लावलं आणि सद्गदित होऊन सांगितलं की इतक्या जुन्या काळातलं इतकं कोरं नाणं त्यांनी पाहिलेलं नाही; हळदीनं त्याला वाराही लागू दिला नव्हता. "पास," प्रभाकर मोठ्यानं म्हणाला. हा शब्द त्यानं कंपनीत हजारो वेळा उच्चारला होता, पण इतक्या आनंदानं एकदाही नाही. सुमती त्याच्याकडे बघत होती. या खेपेला मिक्सर तिच्या मनात नसावा.

आवडाबाई मात्र कोणाकडे बघत नव्हत्या. "मना म्हायती होता," एवढंच म्हणून त्या नवी साडी नेसायला आत गेल्या.

वऱ्हाड आलं. मांडव भरला. आवडाबाई हिरवी नऊवारी नेसून बाहेर आल्या तेव्हा बसलेल्या बायकांनी आपोआप वाट दिली. त्या थेट नवऱ्या मुलाच्या आईपाशी गेल्या आणि मोहर तिच्या तळहातावर ठेवली. "बग, विहीनबाय. वजन बग. मंग नातीला देते."

विहीणबाईंना आधीचं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी हात वरखाली केला. "जड आहे हो," त्या कौतुकानं म्हणाल्या, आणि मग हसत, सहज, विचारायचं म्हणून विचारलं, "खरी आहे ना?"

प्रभाकर उठून उभा राहिला. त्याच्याकडे आकडे तयार होते, व्यास, जाडी, वजन, तिन्ही. पण त्याच्या आधी शेवंतीवहिनी पुढे आल्या. सासूच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "खरी आहे. आमच्या भाऊजींनी मशीन लावून बघितलीय. पण त्याच्या आधी आमच्या आई बोललेल्या, सोनं आहे म्हणून. त्या बोलल्या तेव्हाच ती खरी होती."

आवडाबाईंनी सुनेकडे एकदा पाहिलं. मग मोहर नातीच्या ओंजळीत ठेवली, पुढच्या रांगेतल्या मधल्या खुर्चीत बसल्या, शेजारच्या खुर्चीवर सुनेला बसवलं, आणि भटजींना सांगितलं की आता करा सुरू.